ग्रंथ सभेपुढे येतो तेव्हा

नव्या पुस्तकाबद्दल त्याच्या लेखकाशी चारचौघांसमोर बोलणे हा आजच्या मराठी ग्रंथव्यवहाराचा रूढ भाग झाला आहे. प्रकाशन समारंभ असो, साहित्य संमेलनातली मुलाखत असो की दिवाळी अंकातली प्रश्नोत्तरे, लेखकाला त्याच्या लेखनामागची प्रेरणा विचारली जाते, तो तिच्याविषयी चार शब्द सांगतो, आणि पुस्तकाची ओळख झाली असे मानले जाते. ही प्रथा छापखान्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या मागोमाग आली, असा सर्वसाधारण समज आहे. कावेरीच्या खोऱ्यातला, विशेषतः तंजावर परिसरातला, वाङ्मयव्यवहार पाहिला की हा समज टिकत नाही. कारण तेथे शतकानुशतके नवा ग्रंथ घेऊन ग्रंथकाराला सभेपुढे बसावे लागे, सभा त्याला जागोजागी अडवून शंका विचारी, आणि तिचे समाधान झाल्याखेरीज त्या कृतीला ग्रंथ म्हणून मान्यता मिळत नसे. मराठी वाचकाने या प्रथेकडे आपुलकीने पाहावे याला आणखी एक कारण आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती, आणि तिच्या आश्रयाने तमिळ, तेलुगू, संस्कृत व मराठी या चारही भाषांतले नवे ग्रंथ एकाच नगरीत लिहिले आणि ऐकले जात होते.

तमिळ परंपरेत या प्रथेला अरंगेट्रम म्हणतात. अरंगु म्हणजे सभामंच किंवा रंगस्थान, आणि एट्रम म्हणजे वर चढवणे. मराठी वाचकाला हा शब्द भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी ठाऊक असतो, परंतु ग्रंथाच्या संदर्भातला त्याचा वापर जुना आहे. तोल्काप्पियम हा तमिळचा सर्वांत जुना उपलब्ध व्याकरणग्रंथ. त्याला पनंपारनार नावाच्या विद्वानाने जोडलेल्या प्रस्तावनेतच सांगितले आहे की, हा ग्रंथ पांड्य राजाच्या सभेत अदंकोट्टु येथील वेदज्ञ आचार्यापुढे सादर झाला; आणि नंतरच्या टीकाकारांनी जपलेल्या कथेप्रमाणे त्या आचार्याने सूत्रासूत्रावर दोष काढले व ग्रंथकाराने त्या सर्वांचे निरसन केले. पुढील काळात पुराणांचे आणि महाकाव्यांचे अरंगेट्रम बहुधा देवळाच्या मंडपात होई. ग्रंथ मोठा असला तर ते अनेक दिवस चाले. ताडपत्रावरचे पद्य बहुधा शिष्य वाचून दाखवी, ग्रंथकार त्याचा अर्थ विशद करी, जमलेले पंडित शंका घेत, आणि समोर बसलेले गावकरी ते सारे ऐकत. ग्रंथकार, वाचक, परीक्षक आणि सामान्य श्रोता असे चौघेही एका छपराखाली असत, हे या व्यवहाराचे मोठे वैशिष्ट्य होते.

अरंगेट्रमबद्दलची सर्वांत बोलकी कथा कांचीपुरमची आहे. कच्चियप्प शिवाचार्य हे तेथील कुमरकोट्टम या मुरुगन मंदिरातले अर्चक. त्यांनी कंदपुराणम म्हणजे स्कंदकथेचे तमिळ महाकाव्य रचले. ऐतिह्य असे की, ते रोज लिहिलेली पद्ये रात्री देवापुढे ठेवीत आणि सकाळी ती देवाने तपासलेली आढळत. असे दैवी संपादन झालेला ग्रंथ सभेपुढे आला, आणि पहिल्याच पद्याच्या पहिल्याच शब्दावर एका विद्वानाने हरकत घेतली: दोन शब्दांचा येथे जसा संधी केला आहे, त्याला आधार कोणत्या व्याकरणाचा? ग्रंथकाराला तत्काळ उत्तर देता आले नाही. सभेने दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. दुसऱ्या दिवशी चोळ देशातून, म्हणजे कावेरीकाठच्या तंजावर प्रदेशातून, आलेल्या एका गृहस्थाने वीरसोळियम हा ग्रंथ सभेपुढे ठेवला, त्यात तो संधिनियम निघाला आणि अरंगेट्रम पुढे सुरू झाले. वीरसोळियम हे अकराव्या शतकातले, चोळ राजा वीरराजेंद्राच्या नावाने बुद्धमित्र या बौद्ध विद्वानाने लिहिलेले व्याकरण होय.

या कथेतला चमत्काराचा भाग भाविकांसाठी सोडला, तरी तिच्यात जे गृहीत धरले आहे ते फार मोलाचे आहे. देवाचा हात लागलेल्या पद्यालाही आधार विचारण्याचा अधिकार सभेला आहे, हे कथा सांगणाऱ्यांनी कोठेही नाकारलेले नाही; हरकत घेणारा पुरुष उद्धट म्हणून निंदिलेला नाही; आणि शैव काव्याची बाजू सावरायला बौद्ध वैयाकरणाचा ग्रंथ आला, याचेही कोणाला वावडे वाटलेले नाही. शिवाय त्या सभेत ग्रंथकाराच्या बालपणाविषयी, त्याच्या दिनचर्येविषयी किंवा त्याला काव्य कसे सुचले याविषयी प्रश्न नाही. प्रश्न पानावरच्या एका अक्षराविषयी आहे. जो इतक्या बारकाईने वाचतो त्यालाच असा प्रश्न सुचतो, आणि असा प्रश्न ज्याला विचारला गेला त्या ग्रंथकाराला आपले वाचले गेले याची खात्री पटते.

जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तेरळुंदूरचा म्हणून ओळखला जाणारा महाकवी कंबन याचीही परीक्षा झाल्याचे परंपरा सांगते. त्याच्या रामायणाचे अरंगेट्रम श्रीरंगमच्या मंदिरात झाले, आणि हिरण्यकशिपूच्या वधाचा भाग वाल्मीकीत नसताना येथे का, अशी शंका तेथे निघाली. मूळ कथेपासून कवीने किती दूर जावे हा प्रश्न आजही प्रत्येक पौराणिक कादंबरीच्या लेखकाला विचारला जातो. कंबनाच्या बाबतीत निवाडा शेजारच्या मंदिरातल्या नरसिंहाने मान डोलावून दिला, असे कथा म्हणते. परंतु शंका आधी माणसांनी घेतली होती, हे विसरू नये. अठराव्या शतकात, म्हणजे तंजावरला मराठ्यांचे राज्य असताना, शीर्काळीचे अरुणाचल कवी आपले रामनाटक घेऊन त्याच श्रीरंगमला गेले, तेव्हा आधी रंगनाथावर एखादे पद म्हणा असे त्यांना सांगण्यात आल्याची कथा आहे. त्यांनी जे पद रचले त्यात शेषावर पहुडलेल्या देवालाच विचारले आहे की, इतका शीण तुला कशाने आला. परीक्षेला बसलेल्या कवीने देवालाच प्रश्न करावा, यात त्या परंपरेचा मोकळेपणा दिसतो.

ऐकणाऱ्याला या परंपरेत किती मान होता हे आणखी एका जुन्या आख्यायिकेवरून कळते. इरैयनार अगप्पोरुळ या प्रेमकाव्याच्या शास्त्रावरील सूत्रग्रंथाची अनेक विद्वानांनी व्याख्याने केली, आणि त्यांतले खरे कोणते हे ठरवायला मदुरेतल्या रुद्रशर्मा नावाच्या मुक्या मुलाला सभेत बसवले. इतर बहुतेकांची व्याख्याने तो निर्विकारपणे ऐकत राहिला. नक्कीरराचे व्याख्यान चालले असता मात्र त्याचे डोळे भरून आले, अंगावर काटा उभा राहिला, आणि तेच व्याख्यान प्रमाण ठरले. शास्त्रार्थाची कसोटी व्याकरणाने लावावी आणि रसाची कसोटी न बोलणाऱ्या श्रोत्याने, असे दोन्ही निकष एकाच संस्कृतीने जपले, याचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही.

या चर्चेचा शास्त्रीय सारांश तेराव्या शतकातल्या नन्नूल या व्याकरणात सापडतो. पवणंदी या जैन मुनींनी त्याच्या आरंभी पायिरम म्हणजे ग्रंथाच्या प्रस्तावनेचे नियम दिले आहेत. ग्रंथकाराचे नाव, ग्रंथ ज्या पूर्वपरंपरेतून आला ती, तो ज्या प्रदेशात प्रचलित आहे त्याच्या सीमा, ग्रंथाचे नाव, त्याची रचनेची रीत, विषय, तो कोणी ऐकावा आणि ऐकून काय लाभेल, अशा आठ गोष्टी प्रस्तावनेत याव्यात; आणि काही आचार्यांच्या मते काळ, कारण आणि कळम या तीन गोष्टींचीही त्यांत भर घालावी. कळम म्हणजे ज्या सभेत ग्रंथ सादर झाला ती सभा. ग्रंथ कोणापुढे तपासला गेला हे ग्रंथातच नोंदवून ठेवावे, असा हा दंडक आहे. त्याच्या जोडीला दुसराही नियम आहे: ग्रंथकाराने स्वतःची स्तुती करू नये, ती प्रस्तावना त्याच्या गुरूने, सहाध्यायाने, शिष्याने किंवा योग्य टीकाकाराने लिहावी. ग्रंथकाराच्या वाट्याला अवैयडक्कम एवढेच येते, म्हणजे सभेपुढे विनयाने आपल्या उणिवा कबूल करणारी काही पद्ये. बोलण्याची अशी वाटणी करून दिल्यामुळे ग्रंथकारावर स्वतःची जाहिरात करण्याची वेळ येत नाही आणि प्रशंसा करणाराही ग्रंथ वाचल्याशिवाय सुटत नाही.

संस्कृत पंडितांची रीत याहून वेगळी, पण हेतू तोच. शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात आहे: विषय कोणता, प्रयोजन काय, अधिकारी म्हणजे वाचण्यास पात्र कोण, आणि ग्रंथाचा विषयाशी व प्रयोजनाशी संबंध कसा. ही चार उत्तरे होत, आणि प्रत्येक उत्तरामागे एक न बोललेला प्रश्न आहे. पुढे ग्रंथभर पूर्वपक्ष म्हणजे प्रतिवाद्याचे म्हणणे आधी मांडून मग सिद्धान्त सांगितला जातो, त्यामुळे ग्रंथकार आपला आक्षेपक स्वतःच्या पोथीतच वसवतो. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले आणि त्याला शहाजीराजपुरम असे नाव मिळाले. रामभद्र दीक्षित आणि श्रीधर वेंकटेश अय्यावाळ यांच्यासारखे ग्रंथकार तेथे एकमेकांचे शेजारी होते. राजाने त्यांना धन दिले, जमीन दिली, हे खरेच. परंतु नव्या ग्रंथाला भिंतीपलीकडेच जाणता वाचक मिळावा ही सोय त्याहून मोठी होती.

मराठीत तर हा संवाद ग्रंथाच्या देहातच मुरलेला आहे. शके १२१२ मध्ये नेवाशास सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत श्रोते आणि गुरू निवृत्तिनाथ मधूनमधून बोलतात, विषयांतर झाले तर आवरायला सांगतात, आणि ज्ञानेश्वर त्यांची क्षमा मागून पुढे जातात. दासबोधाचा पहिलाच समास श्रोत्यांच्या पृच्छेने सुरू होतो. हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकून पदरात काय पडते, हे श्रोते विचारतात आणि समर्थ एकामागून एक उत्तरे देतात. नन्नूलमधल्या आठ गोष्टींपैकी निदान तीन येथे श्रोत्यांच्या तोंडी आल्या आहेत. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर आणि मन्नारगुडी येथे स्थापन झाले, तेथे भीमस्वामी, मेरुस्वामी, माधवस्वामी यांच्यासारखे शिष्य-प्रशिष्य झाले, आणि माधवस्वामींनी कावेरीकाठी बसून रामायण-महाभारत मराठीत आणले. तमिळ मुलखात मराठी ग्रंथ टिकून राहिले ते कीर्तनात, श्रवणात आणि निरूपणात, म्हणजे समोर माणूस बसलेला असताना.

सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या नावावरची देवेंद्र कुरवंजी ही या तमिळ-मराठी मिलाफाची गोड साक्ष आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यकाव्याचा प्रकार. त्यात डोंगरातली कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री नायिकेचा हात पाहून तिला भाकीत सांगते. सरफोजीराजांनी हा साचा घेतला आणि त्यात मराठीत जगाचा भूगोल भरला. इंद्राणी विचारते आणि कुरवंजी देशोदेशीची माहिती सांगते. नवे ज्ञान सांगायचे तर ते विचारणाऱ्याला सांगावे, ही त्या मातीतली रीत राजालाही सोडावीशी वाटली नाही. स्वतः सरफोजीराजे कसून वाचणारे होते. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या त्यांच्या संग्रहातील इंग्रजी पुस्तकांवर त्यांच्या सह्या आजही पाहायला मिळतात.

आतापर्यंतच्या वर्णनावरून ही सभा निर्दोष होती असा ग्रह होणे बरोबर नाही. सभेत शंका घेण्याचा हक्क मोजक्यांना होता आणि त्यांत स्त्रिया जवळजवळ नव्हत्या. तंजावरच्याच एका ग्रंथाचा इतिहास हे स्पष्ट करतो. प्रतापसिंहराजांच्या काळात (१७३९–१७६३) दरबारातल्या मुद्दुपळनी या विदुषी गणिकेने तेलुगूत राधिका सांत्वनमु हे शृंगारकाव्य लिहिले. तेलुगू प्रबंधांच्या प्रथेला धरून तिने आरंभी स्वतःची ओळख दिली, आजी तंजनायकीपासूनचा वारसा सांगितला, आणि विद्वानांनी ज्या स्त्रीला ग्रंथ अर्पण करावेत अशी आपल्यासारखी दुसरी कोण, हे ठामपणे विचारले. लेखिकेने आपल्या पुस्तकाविषयी काढलेले हे उद्गार होते. पुढे १८८७ मध्ये ते काव्य छापले गेले तेव्हा संपादकाने नेमका हाच भाग गाळला, आणि काही पद्येही वगळली. वीरेशलिंगम पंतुलूंसारख्या समाजसुधारकाने, स्त्रीने ऐकूही नये असे यात पुष्कळ आहे, मग स्त्रीच्या तोंडून निघणे दूरच, असा निकाल दिला.

बेंगळूरच्या नागरत्नम्मा या गायिकेने जुने हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये ते काव्य मूळ रूपात छापवले, आणि आपल्या प्रस्तावनेत दीडशे वर्षांपूर्वीच्या लेखिकेच्या वतीने उत्तर दिले. लाज ही फक्त स्त्रियांनीच बाळगायची गोष्ट आहे काय, आणि ज्या पंतुलूंना हे काव्य असभ्य वाटते त्यांनी पुरुषाने लिहिलेले तितकेच उघड काव्य स्वतः तपासून छापू कसे दिले, असा तिचा रोकडा सवाल होता. १९११ मध्ये सरकारने पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या. बंदी उठायला स्वातंत्र्याचा उंबरठा यावा लागला. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीची उभारणी करणारी आणि तेथेच १९५२ मध्ये देह ठेवणारी हीच ती नागरत्नम्मा. ग्रंथाविषयीच्या चर्चेत लेखिका हयात नसेल तर तिच्या जागी कोणी तरी मन लावून वाचलेला वाचक उभा राहावा लागतो, हे तिने करून दाखवले, आणि या सगळ्या हकीकतीत तिच्याइतका आदर क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी वाटतो. मराठीतही असाच प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला उत्तर देताना उभा केला. जे लोक इतरांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सभा कोणाची, हे ठरल्याशिवाय सभेच्या मान्यतेला अर्थ येत नाही.

छापखान्याने या व्यवहाराचा पायाच बदलला. तंजावरला सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी भाषांतर बालबोधमुक्तावली या नावाने तेथे छापले गेले. छापलेली प्रत ग्रंथकाराच्या डोळ्यांआड जाते. ती कोणी कोठे वाचली आणि कोणत्या ओळीवर अडखळला, हे त्याला कळत नाही. सभेची उणीव मराठीत परीक्षणांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला, आणि १८६७ पासूनच्या विविधज्ञानविस्ताराने तसेच १८७४ पासूनच्या निबंधमालेने तो पुष्कळ अंशी पार पाडला. परीक्षणात आक्षेप येतो, मात्र त्याच ठिकाणी ग्रंथकाराचे उत्तर येत नाही. दोघे वेगवेगळ्या महिन्यांच्या अंकांतून एकमेकांशी बोलतात.

समोरासमोर विचारलेल्या एका प्रश्नाचे सामर्थ्य किती, हे छापखान्याच्या युगातही कुंभकोणने पाहिले. तंजावर जिल्ह्यातल्या उत्तमदानपुरमचे उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) हे महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांचे शिष्य. गुरूंनी अनेक क्षेत्रांची पुराणे रचून त्यांची अरंगेट्रमे केलेली, त्यामुळे सभेत ग्रंथ कसा वाचावा आणि ऐकावा हे शिष्याच्या अंगवळणी पडलेले. १८८० मध्ये ते कुंभकोणच्या कॉलेजात शिकवू लागले, आणि त्याच वर्षी तेथील मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांची त्यांची भेट झाली. काय काय वाचले आहे, असे मुदलियारांनी विचारले. अय्यरांनी पुराणांची आणि प्रबंधांची लांबलचक यादी सांगितली. ती संपल्यावर मुदलियारांनी शांतपणे, जीवकचिंतामणी वाचली आहे काय, शिलप्पधिकारम आणि मणिमेखलै वाचले आहेत काय, असे विचारले. अय्यरांनी ती पाहिलीही नव्हती. त्या एका भेटीतून त्यांच्या आयुष्याचे काम निघाले. जीवकचिंतामणी हे जैन काव्य, त्याचा कवी जाऊन शतके लोटलेली, तेव्हा शंका विचारायच्या कोणाला? अय्यर कुंभकोणच्या जैन कुटुंबांकडे गेले, कारण त्या घरांत तो ग्रंथ श्रद्धेने वाचला जात होता आणि पंडितांना न उलगडलेले संकेत त्या वाचकांना सहज ठाऊक होते. १८८७ मध्ये चिंतामणीची आवृत्ती निघाली, १८९२ मध्ये शिलप्पधिकारम, १८९८ मध्ये मणिमेखलै. तमिळ भाषेला तिची प्राचीन महाकाव्ये परत मिळाली, आणि त्याची सुरुवात एका वाचकाने विद्वानाला निर्भीडपणे विचारलेल्या प्रश्नाने झाली.

या पार्श्वभूमीवर आजच्या मराठी मुलाखती पाहिल्या म्हणजे त्यांचे दुबळेपण जाणवते. पुस्तक लिहायला किती वर्षे लागली, पात्रे खरी आहेत काय, पुढचे पुस्तक कोणते, हे प्रश्न पुस्तक न उघडताही विचारता येतात, आणि म्हणूनच ते विचारले जातात. लेखकाला यातून मान मिळतो, परंतु त्याची भूक मानाची नसते. सातव्या प्रकरणातला निर्णय का घेतला, अमुक पुरावा का सोडला, ही व्यक्ती अर्ध्यावर का दिसेनाशी झाली, हे कोणी तरी विचारावे यासाठी तो वर्षानुवर्षे एकटा लिहीत असतो. आक्षेप घेणे म्हणजे अपमान करणे, ही समजूत अलीकडची आहे आणि घातक आहे. कच्चियप्पांना अडवणाऱ्या त्या विद्वानाने कंदपुराणमचा जितका सन्मान केला तितका शालजोडीने होत नाही. उलट बाजूने, सभेत सर्वांना जागा नसेल तर तिची शंका ही केवळ अडवणूक ठरते, हे मुद्दुपळनीच्या काव्याने दाखवले आहे.

मराठी प्रकाशकांनी आणि ग्रंथालयांनी यातून दोन गोष्टी उचलाव्यात, अशी कळकळीची विनंती आहे. पुस्तक प्रकाशित होते त्याच संध्याकाळी मुलाखत न ठेवता ती दोन महिन्यांनी, पुस्तक वाचलेल्यांच्या बैठकीत ठेवावी, आणि त्या बैठकीला विषयाचे जाणकार जसे बोलवावेत तसे ज्यांच्या जगण्याविषयी ते पुस्तक आहे त्यांनाही आवर्जून बोलवावे. दुसरी गोष्ट नन्नूलने सांगितलेल्या कळमची. बैठकीत निघालेल्या शंका आणि लेखकाने दिलेली उत्तरे, ज्यांचे उत्तर त्याला देता आले नाही त्यांसह, पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी छापावीत. त्यासाठी आठ-दहा पानांहून अधिक जागा लागणार नाही.